तारखांची वजाबाकी

मीना,

तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही. साठेसाहेबांनी दोनदा माझ्याकडे बघितलं, मी दोन्ही वेळा खाली सतरंजीकडे बघत बसले. लोक जे बोलले ते खोटं नव्हतं. हसतमुख, कामसू, दुसऱ्याला धावून जाणारी. एक बाई 'सेवामूर्ती' म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, तू शेजारी असतीस तर कोपर मारलं असतंस आणि तोंडावर पदर धरला असतास. मला जे सांगायचं होतं त्याला सभेत जागा नव्हती. त्यात तुझी एक मोठी चूक होती, आपलं एक न मिटलेलं भांडण होतं, आणि बरंचसं तारखांविषयी होतं. म्हणून ते तुलाच सांगते.

आपण वागळे इस्टेटमधल्या स्विचगिअरच्या कंपनीत भेटलो. कॉम्प्युटरच्या खात्याला तेव्हा ईडीपी म्हणायचे आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागायच्या. मी डोंबिवलीची, कॉमर्स करून वर कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली. तू चेंदणी कोळीवाड्यातली, गणितात बीएस्सी. आई बाजारात मासे विकायची, वडील नव्हते, धाकटा हरी खाडीत होडी घेऊन जायचा. ऑफिसात काही जण तुझ्या डब्याच्या वासाबद्दल कुजबुजायचे. तू डबा उघडून त्यांच्याच टेबलाशी जाऊन बसायचीस. महिनाभरात त्यांनी कुजबुज सोडून वाटी पुढे करायला सुरुवात केली.

आपल्याकडे युनिक्सचं एक मशीन होतं आणि त्याला जोडलेले सहा टर्मिनल. कारखान्यातली मोजमापाची साधनं ठरावीक दिवसांनी तपासणीला पाठवावी लागत. उद्या काय काय पाठवायचं त्याची यादी आदल्या दिवशी काढायचं काम तुझ्याकडे होतं. मशीनला आजची तारीख विचारली की ते सांगायचं. उद्याची विचारायची सोय नव्हती. तू काय केलंस, तर मशीनला सांगितलंस की आपण ठाण्यात नाही, ठाण्याच्या चोवीस तास पुढे घड्याळ असलेल्या कुठल्यातरी गावात आहोत. मग ते गुमान उद्याची तारीख द्यायचं.

"ही फसवणूक आहे," मी म्हणाले.

"कोणाची? मशीनची? त्याला काय बायकापोरं आहेत?"

इथून आपलं सुरू झालं. मला प्रत्येक गोष्ट नीट, पुस्तकात दिली आहे तशी हवी असायची. तुला आज दुपारपर्यंत चालायला हवी असायची. मी प्रोग्राम लिहायला दोन दिवस घ्यायचे, तू चार ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला द्यायच्या हुकमांची चिठ्ठी, लिहून चहाला निघालेली असायचीस. जेवणाच्या सुट्टीत आपण यावर इतक्या भांडायचो की स्टोअर्समधल्या लोकांना वाटायचं, आपलं घरचं काहीतरी बिनसलंय.

मग मला सई झाली. सात-आठ महिन्यांची असताना ती पांढरीफटक दिसायला लागली. मुंबईच्या डॉक्टरांनी थॅलेसेमिया हा शब्द सांगितला आणि तो कागदावर लिहूनही दिला, कारण मला उच्चारता येईना. तिच्या अंगात रक्त टिकत नाही, दर तीन आठवड्यांनी बाहेरून द्यावं लागेल, जन्मभर. आणि जेवढं घ्याल तेवढं कोणीतरी द्यावं लागेल. कल्याणला एका धर्मादाय दवाखान्यात अशा मुलांसाठी खोली होती, तिथे आम्ही जायला लागलो.

पहिलं वर्ष नातेवाइकांवर निघालं. माझा नवरा विलास, माझे दीर, माझे दोन भाऊ. मग बिल्डिंगमधले. लोक वाईट नव्हते गं. पण एकदा रक्त दिलं की त्यांच्या दृष्टीने काम झालेलं असायचं. दुसऱ्यांदा विचारायला गेलं की 'ते बाहेर गेलेत' असं दारातूनच कळायचं. जिन्यात मी दिसले की पावलं भरभर व्हायची. मी कोणाला कधी विचारलं होतं, कोणी कधी दिलं होतं, सगळं डोक्यात ठेवायचे आणि डोकं तेव्हा धड नव्हतं. ऑफिसच्या फोनवरून मी एकाला फोन लावला आणि तो चिडून म्हणाला, "वहिनी, पंधरा दिवसांपूर्वीच दिलंय की हो." मी फोन ठेवला. तू समोरच्या टर्मिनलवर होतीस.

"किती जण आहेत तुझ्याकडे?" तू विचारलंस.

"माहीत नाही."

"माहीत नाही असं कसं? सांग एकेक. मी टाइप करते."

धीर दे, देव आहे, असलं काही बोलली नाहीस. एका माणसाची एक ओळ: नाव, रक्तगट, निरोप कुठे द्यायचा, शेवटचं रक्त कधी दिलं. मध्ये उभ्या रेघा. संध्याकाळपर्यंत माझ्या सगळ्या माणसांच्या ओळी झाल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट झालेल्या होत्या. तू कोळीवाड्यातल्या पोरांची नावं भरली होतीस. तिसऱ्या दिवशी साठेसाहेबांना कळलं की कंपनीच्या मशीनवर काहीतरी खाजगी चाललंय. ते आपल्या खात्याचे मॅनेजर. त्यांनी चष्मा वर करून पूर्ण यादी वाचली, आणि एवढंच म्हणाले, "माझा ओ पॉझिटिव्ह आहे. यात घाला."

रक्त दिल्यावर तीन महिने पुन्हा द्यायचं नसतं. म्हणजे आज कोण देऊ शकतो हे काढायला तारखांची वजाबाकी हवी. तू सोपी युक्ती काढलीस. तारीख उलटी करायची: आधी साल, मग महिना, मग दिवस, आणि सगळं चिकटवून एकच आकडा करायचा. वीस सप्टेंबर नव्वद म्हणजे ९००९२०. वीस डिसेंबर म्हणजे ९०१२२०. वजाबाकी तीनशे. तीनशे किंवा जास्त आलं की माणूस तयार. फाइल वाचायची, रेघांवर ओळ तोडायची, तारीख उलटी करायची, वजा करायची, नावं छापायची. तुझ्या हातची सात ओळींची स्क्रिप्ट.

मी ती वाचली आणि म्हणाले, "मीना, ही खरी वजाबाकी नाही. महिन्यात शंभर दिवस असल्यासारखं चाललंय हे."

"चालतंय ना?"

"आत्ता चालतंय. साल बदललं की?"

"तोवर करीन गं नीट. आधी या सोमवारचं माणूस शोधू दे."

त्या सोमवारचं माणूस मिळालं. त्यापुढच्या फेरीचंही मिळालं. कल्याणच्या खोलीत इतर आयांनी विचारलं, तुमचा माणूस कसा काय दर वेळी वेळेवर येतो? खडवलीची सुमन त्यात पहिली. तिचा मंगेश सईपेक्षा मोठा होता, सहा वर्षांचा. ती त्याला घेऊन कसाऱ्याकडून येणाऱ्या गाडीने यायची आणि तिच्या गावात रक्त द्यायचं म्हटलं की लोक घाबरायचे. तिला तू विचारलंस, "गट काय त्याचा?" "बी पॉझिटिव्ह, ताई. सईसारखाच." तू तिथल्या तिथे माझ्या पर्समधलं बसचं तिकीट घेऊन मागे लिहिलंस. मग उल्हासनगरच्या दोन-तीन मुलांचे वडील आले, टिटवाळ्याची एक आजी आली. मुलांची वेगळी फाइल झाली, कोणाची पाळी कधी ते सांगणारी. वर्ष संपेपर्यंत दर सोमवारी यादी निघत राहिली आणि एकदाही चुकली नाही.

डिसेंबरात कंपनीत वर्षअखेरीची मालमोजणी होती. वजाबाकी नीट करायचं ना तुला आठवलं, ना मला.

जानेवारीतली पहिली यादी लांबलचक आली. आपल्याला आनंद झाला, आठवतं? "बघ, किती जण तयार आहेत," तू म्हणालीस. हरीचं नाव त्यात वरच होतं. तू घरी गेल्यावर त्याला सांगितलंस आणि तो दुसऱ्या दिवशी कल्याणला जाऊन रक्त देऊन आला. रक्तपेढीतल्या माणसाने विचारलं, शेवटचं कधी दिलं होतं? हरी म्हणाला, "ताईच्या मशीनने सांगितलंय, तीन महिने झाले." त्याला तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते. डिसेंबरात त्याने मंगेशसाठी दिलं होतं. ९१०१०८ मधून ९०१२२० गेले तर आठ हजार आठशे अठ्ठ्याऐंशी उरतात, आणि ते तीनशेपेक्षा जास्तच असतात.

दोन दिवसांनी पहाटे जाळं ओढताना त्याला चक्कर आली आणि तो होडीतून खाडीत पडला. भरती होती. बरोबरच्या पोराने उडी मारली, शर्टाला धरून त्याला वर काढलं. पोटात पाणी गेलं होतं, कपाळ होडीच्या काठावर आपटलं होतं. पाच टाके.

तू ऑफिसला आलीस ती दुपारी. आलीस ती सरळ टर्मिनलवर बसलीस, फाइल उघडलीस, हरीची ओळ वाचलीस. मग पाठ टेकून बसलीस. मी मागे उभी होते. मी काय म्हणाले होते ते तुलाही आठवत होतं आणि मलाही. मी काही बोलले नाही. नंतरही कधी बोलले नाही. तू वाट बघत होतीस असं मला अनेकदा वाटलं. एकदा मी बोलून टाकलं असतं तर तुला कदाचित बरं वाटलं असतं. पण माझी मुलगी त्या यादीवर जगत होती. माझ्या तोंडून ते निघणार नव्हतं.

संध्याकाळी मी तुझ्याबरोबर घरी आले. हरी खाटेवर पडलेला, कपाळाला पट्टी. "ताई, मी बरा हाय गो," तो म्हणाला. तुझी आई दारात बसली होती. तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

"काय गो मीना, माझे पोराचा रगत किती येला घेशील?"

"चूक झाली, आई."

"मशीनची झाली का तुजी झाली?"

"माझी. मशीनला मी सांगते तेच करतं ते."

आईने आत खाटेकडे बघितलं. मग म्हणाली, "पोरगा माझा हाय. मशीन तुजी हाय. दोगांचा मेल बसवायचा असंल तर तूच बस. पोराला नको बसवू."

कोळीवाड्यात बातमी पसरायला वेळ लागला नाही. त्या यादीवरून आणखी दोघांना फोन गेले होते. नशिबाने दोघेही आले नव्हते. तू त्यांच्या घरी गेलीस, आणि यादीत ज्यांची ज्यांची पोरं होती त्या प्रत्येक घरी गेलीस. मी येते म्हटलं तर म्हणालीस, "नको. तू आलीस तर त्यांना तुझ्या मुलीची दया येईल आणि मग ते मला नीट शिव्या घालणार नाहीत." शिव्या खाऊन आलीस. कोळीवाड्याची सगळी नावं तू स्वतःच फाइलीतून काढलीस. सईची पुढची पाळी आली तेव्हा बी पॉझिटिव्ह कोणी नव्हतं. तुझं रक्त त्याच गटाचं. तू गेलीस आणि देऊन आलीस, आणि परत आल्यावर स्वतःची तारीख स्वतः भरलीस.

मग तू वजाबाकी नीट लिहिलीस. मी मदत करू का विचारलं तर नको म्हणालीस. चार दिवस तू चहालाही आली नाहीस. पाचव्या दिवशी मला बोलावून दाखवलंस. एक ठरलेला दिवस धरायचा, आणि प्रत्येक तारीख म्हणजे तिथपासूनचा कितवा दिवस ते काढायचं. सरलेल्या वर्षांचे दिवस, त्यातल्या लीप वर्षांचे जादा दिवस, चालू वर्षातल्या सरलेल्या महिन्यांचे दिवस, आणि वरचे. मग दोन आकडे वजा करायचे, नव्वद होतात का बघायचं.

"तारीख म्हणजे आकडा नसतोच, उजू," तू म्हणालीस. "ते दिवसाचं नाव असतं. मी नावांची वजाबाकी करत होते."

आयुष्यात तू माझ्याजवळ चूक कबूल केलीस ती एवढ्याच शब्दांत. त्यानंतर आपण दोघींनी भिंतीवरची जुनी कॅलेंडरं काढून बोटांनी दिवस मोजले आणि स्क्रिप्टचं उत्तर ताडून बघितलं. पहिली तपासणी एकतीस डिसेंबर ते एक जानेवारी. उत्तर एक आलं. तू पुन्हा चालवलीस. पुन्हा एक आलं. मग फेब्रुवारीची टोकं, लीपची आणि साधी. साठेसाहेब मध्ये डोकावले आणि दोन शिकल्यासवरल्या बायका जमिनीवर बसून बोटं मोजतायत हे बघून परत गेले.

कोळीवाडा आपल्याला परत मिळाला तो तुझ्या आईमुळे. तू तिला कधी काही पटवायला गेली नाहीस. तीच एक दिवस म्हणाली, रगत जातं कुठं ते बघायचंय. मासळी विकून, पाटी रिकामी करून, ती तुझ्याबरोबर कल्याणला आली. त्या दिवशी सईची आणि मंगेशची पाळी एकदम होती. आई दोन खाटांच्या मध्ये स्टुलावर बसली. मुलांच्या हाताला सुया लावलेल्या, वर पिशव्या टांगलेल्या. सई तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची, झोपलेली. मंगेश जागा होता.

"दुखतं का रे?" आईने विचारलं.

"टोचतात तेव्हाच. नंतर नाय."

"रडतोस का?"

"आधी रडायचो. आता कंटाळा येतो."

आई हसली. मग तिने त्याला विचारलं तुझं गाव कुठलं, नदी आहे का, मासे कुठले मिळतात. मंगेशने मासे सांगितले. आईने त्याची दोन नावं दुरुस्त केली आणि एक नाव तिला माहीत नव्हतं, ते त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. दोन तास ती तिथे बसली. परत जाताना रिक्षात तुला म्हणाली, "मशीन आता सुदी चालते ना?"

"चालते."

"नक्की?"

"बोटांनी मोजून बघितलंय, आई."

"मग घाल नावं."

नावं घातलीस. हरीचंही घातलंस, पण त्याच्या ओळीत तारीख मुद्दाम पुढची लिहिलीस, म्हणजे त्याला सहा महिने हात लागणार नाही. मी म्हणाले, हा खोटा डेटा आहे. तू म्हणालीस, "असू दे. माझा भाऊ आहे."

मधली सगळी वर्षं मी इथे लिहीत नाही. सई शाळेत जायला लागली. रक्तामुळे अंगात साठलेलं लोह काढायला तिच्या पोटाला रोज औषधाचा पंप लावायचं आलं, तिची चिडचिड आली. दोन मुलं गेली, त्यांच्या ओळी तू कधी काढल्यास ते मला कळलं नाही. दर सोमवारी यादी येत राहिली. कंपनीने जुनं मशीन मोडीत काढलं तेव्हा आपली फाइल आणि स्क्रिप्ट एका फ्लॉपीत मावली. कल्याणच्या दवाखान्यात कोणीतरी पीसी देणगी दिला होता. तू त्यावर युनिक्ससारखंच काहीतरी चढवलंस आणि दुसऱ्या दिवसापासून यादी तिथून निघायला लागली.

आणि आपलं मोठं भांडण लागलं तेही त्याच पीसीवरून. तोवर मी नोकरी बदलून डेटाबेसचं काम करायला लागलेले. मला वाटलं, आता हे नीट करावं. खिडक्या असलेला प्रोग्राम, प्रत्येक माणसाचा फॉर्म, चुकीची तारीख टाइप केली तर तो घेणारच नाही. मी सुट्ट्यांमध्ये बसून तो तयार केला आणि तुला दाखवला.

"छान दिसतोय," तू म्हणालीस. "पण नको."

"का नको? तुझ्या फाइलीत कोणीही काहीही टाइप करतं. परवा त्या क्लार्कने तेरावा महिना घातला."

"घातला, आणि मला दिसला. कारण फाइल उघडली की सगळं समोर असतं. तुझ्या फॉर्ममध्ये कोणी चुकीची पण दिसायला बरोबर तारीख घातली तर ती कोणाला दिसणार?"

"ती तुझ्याही फाइलीत दिसणार नाही."

"मला दिसेल."

"तू म्हणजे काय सिस्टिम आहेस? उद्या तू नसलीस तर?"

रागात बोलून गेले. तूही रागात म्हणालीस, "मी नसले तर साधी फाइल आहे, ज्याला वाचता येतं त्याला दुरुस्त करता येईल. तू नसलीस तर तुझा प्रोग्राम कोण उघडणार?"

त्यानंतर पाच-सहा आठवडे आपण एकमेकींशी कामापुरतंच बोललो. दवाखान्यात दोन याद्या निघायला लागल्या, एक तुझी, एक माझी. बहुतेक वेळा सारख्याच असायच्या. क्लार्क बिचारा दोन्ही समोर ठेवून फोन करायचा. नंतर अबोला संपला, सईच्या वाढदिवसाला तू बोंबील घेऊन आलीस, पण याद्या दोनच राहिल्या. तुझं म्हणणं बरोबर होतं असं मी आजही म्हणणार नाही. तू गेलीस म्हणून म्हणायचं हे तुलाही आवडणार नाही.

त्या मंगळवारी सकाळी हरीचा फोन आला. माजिवड्याच्या नाक्यावर टेम्पोने तुझ्या मोपेडला उडवलं होतं. तुला ठाण्यातल्या हॉस्पिटलमध्ये नेलं होतं, पोटात रक्तस्राव होत होता, सहा पिशव्या लागणार होत्या आणि तिथल्या रक्तपेढीत बी पॉझिटिव्ह पुरेसं नव्हतं. मी ठाण्याला यायला निघाले आणि डोंबिवली स्टेशनवर उभी असताना मनात आलं, ठाण्याला जाऊन मी काय करणार? मी कल्याणची गाडी पकडली.

क्लार्कने पीसी सुरू केला. मी माझा प्रोग्राम उघडला नाही. तो उघडायला मिनिट-दीड मिनिट घ्यायचा, एवढंच कारण. तुझी स्क्रिप्ट चालवली. अकरा नावं आली. क्लार्कने सहा घेतली, मी पाच.

दुपारी बारापर्यंत रक्तपेढीच्या बाहेर बाकं भरली होती. कोळीवाड्यातली चार पोरं टेम्पो करून आलेली. सुमनचा भाऊ टिटवाळ्याहून आलेला. उल्हासनगरचे एक काका, ज्यांचा मुलगा आता नाही, तेही आलेले. साठेसाहेब आले. वय झालं म्हणून त्यांचं घेतलं नाही, गटही वेगळा, तर ते म्हणाले, "मग मी इथे बसतो," आणि बसले. सहा पिशव्या झाल्या, तपासण्या झाल्या, पहिल्या दोन बर्फाच्या डब्यात घालून विलास ठाण्याला घेऊन गेला.

मग हरी आला. शर्टावर तुझं रक्त होतं. सरळ आत जाऊन खुर्चीवर बसला आणि बाही वर केली.

"हरी, यादीत तुझं नाव नाही," मी म्हणाले.

"यादी राहू दे."

"पाच आठवड्यांपूर्वी तू सईसाठी दिलंयस."

"माझी बहीण हाय ती!"

"म्हणूनच. तू आता दिलंस आणि तिला कळलं तर ती मला सोडणार नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. तिशी ओलांडलेला माणूस, कपाळावर तो जुना व्रण. आतला माणूस सुई हातात धरून थांबलेला. मी मान हलवली, नाही म्हणून. हरीने बाही खाली केली आणि भिंतीकडे तोंड करून रडला. मीना, मी बरोबर केलं. सहा पिशव्या झालेल्या होत्या, सातवीची गरज नव्हती. तरी ते अजून माझ्या अंगावर आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस. गेलेल्या दोन पिशव्या लागल्या, नंतरच्या चार लागल्या नाहीत. मी तुला शेवटचं काचेतून बघितलं. तू शुद्धीवर नव्हतीस. त्यामुळे काही बोलायचं राहिलं असं म्हणण्यात अर्थ नाही. बोलायला आपल्याकडे बारा वर्षं होती.

तुझ्या फाइलीत साल दोनच आकडी आहे. दोन महिन्यांनी दोन हजार साल लागेल आणि तिथे शून्य-शून्य येईल. दिवाळीत करते म्हणाली होतीस. मी परवा बसून केलं. मी असते तर सगळीकडे चार आकडी साल घातलं असतं. पण टाइप करणाऱ्यांच्या हाताला दोनाची सवय आहे, म्हणून स्क्रिप्टमध्येच एक ओळ वाढवली: साल सत्तरपेक्षा लहान असेल तर त्यात शंभर मिळवा. मग तपासलं, एकतीस डिसेंबर ते एक जानेवारी. एक आला. मी जमिनीवर बसून बोटांनीही मोजलं. माझा प्रोग्राम मी बंद केलेला नाही. दोन्ही याद्या चालू राहतील.

रक्तपेढीतल्या माणसाने फोन करून विचारलं, त्या चार पिशव्यांचं काय करू? मीनाताईंच्या नावाने ठेवल्यात, दुसऱ्या कोणाला द्यायला हात होत नाही. तुझे दिवस झाल्यावर मी चेंदणीला जाऊन आईंना विचारलं. खरं सांगू? मला वाटत होतं त्यांनी सईचं नाव घ्यावं. तिची पाळी दहा दिवसांवर होती, गट तोच. आईंनी थोडा विचार केला.

"ज्याची पाळी असंल त्याला द्या," त्या म्हणाल्या.

पाळी मंगेशची होती. तो आता पंधरा वर्षांचा आहे, सुमनच्या खांद्याइतका. वयाच्या मानाने लहान दिसतो, पण मिसरूड फुटलंय. काल आई माझ्याबरोबर कल्याणला आल्या. ही पिशवी कोणासाठी काढली होती ते मंगेशला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने आईंना ओळखलं आणि नदीला यंदा पाणी कसं होतं ते सांगत बसला. आई हूं हूं करत ऐकत होत्या, नजर पिशवीवर. पूर्ण वेळ त्या उठल्या नाहीत. पाणीही प्यायल्या नाहीत.

पिशवी संपली. नर्सने सुई काढली, कापूस दाबला. आईंनी मंगेशचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

"गरम हाय," त्या मला म्हणाल्या.